काचेतील समुद्र आणि हिरवे पाणी : एका जीर्णोद्धाराचा इतिहास

मत्स्यालयाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक त्याच्या उगमाच्या प्रश्नापाशीच थांबतात. रॉबर्ट वॉरिंग्टन आधी की फिलिप हेन्री गॉस आधी, 'अॅक्वेरियम' हा शब्द रूढ कोणी केला, पहिली टाकी कोणत्या घरात होती, एवढ्या चर्चेने त्यांचे समाधान होते. परंतु खाऱ्या पाण्याची टाकी ज्याने एकदा तरी सांभाळली आहे, त्याला ठाऊक असते की टाकी भरणे हा ह्या कथेचा सर्वांत सोपा भाग होय. भरलेली टाकी काही आठवड्यांत तपकिरी पडते, मग हिरवी होते. काचेवर बुळबुळीत साय धरते, खडकांवर तंतुमय शेवाळाची गोधडी पसरते, आणि दगडाच्या कपारीतून नकळत आलेला एखादा खेकडा रातोरात निम्मे रहिवासी फस्त करतो. अशा बिघडलेल्या टाकीचे काय करावयाचे, हा प्रश्न १८५० नंतरच्या पंचवीस वर्षांत इंग्लंडात व जर्मनीत विचारला गेला, आणि त्याचे जे उत्तर मिळाले त्यावर पुढील सार्वजनिक मत्स्यालयांची उभारणी झाली. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचा मागोवा घ्यावयाचा आहे. ते उत्तर ज्यांच्या नावे सामान्यतः जमा केले जाते त्यांचे नव्हते, असे आमचे मत आहे. त्याची कारणे ओघात येतील.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे पुरे. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ मध्ये उठला व काच मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. त्यापूर्वी नॅथॅनियल वॉर्ड ह्या लंडनच्या वैद्याने बंद काचपेटीत वनस्पती वर्षानुवर्षे जगतात हे दाखवून दिले होते व १८४२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले होते. समुद्रजीव घरात पाळणारेही तुरळक होते. स्कॉटलंडचे सर जॉन ग्रॅहॅम डॅलियेल ह्यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प एका साध्या काचपात्रात ठेवले. ते प्राणिशास्त्रज्ञांत 'आजीबाई' म्हणून प्रसिद्ध झाले आणि मालकाच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, १८८७ मध्ये, मरण पावले. डॅलियेल ह्यांची पद्धत साधी होती : जुने पाणी ओतून टाकावे व समुद्राचे ताजे पाणी भरावे. समुद्र जवळ असणाऱ्याला शेवाळाची चिंता नसते.

समुद्र दूर असणाऱ्यांची गोष्ट निराळी. वेस्टमिन्स्टर येथे राहणाऱ्या ॲना थिन ह्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथून काही जिवंत कठीण प्रवाळ लंडनला आणले. त्यांच्याजवळ समुद्राचे पाणी मोजकेच होते. तेव्हा ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतण्याचा क्रम त्यांनी ठेवला. हे काम रोज अर्धा-पाऊण तास त्यांची दासी करीत असे. पुढील वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रवनस्पती ठेवल्या. जवळजवळ तीन वर्षे हे प्रवाळ जगले व वाढलेही. ह्या प्रयोगाचे वृत्त १८५९ मध्ये, गॉस ह्यांच्या साहाय्याने, छापले गेले. त्या दासीचे नाव आपणांस ठाऊक नाही. परंतु पाण्याला गती देऊन हवा पुरविणारे यंत्र निघण्यापूर्वी ते काम दोन हातांनी झाले होते, ही गोष्ट पुढे लॉइडचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागेल.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधील औषधिविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनज्ञ होते. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलन मावतील अशा काचपात्रात झऱ्याचे पाणी, तळाला वाळू व चिखल, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन लहान सोनमासे ठेवले. कल्पना रसायनशास्त्रातून घेतलेली होती. प्राणी कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देतात. मग दोहोंचे प्रमाण जुळले तर पाणी बदलण्याचे कारणच काय? प्रारंभी सर्व ठीक चालले. नंतर व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर व तळाशी हिरवट लव वाढून माशांचा जीव धोक्यात आला. येथे वॉरिंग्टन ह्यांनी पाणी फेकून दिले नाही. निसर्गात हे कुजके कोण खाते, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि पाच-सहा पाणगोगलगायी पात्रात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व लव दोन्ही साफ केली. शिवाय त्यांची अंडी व पिल्ले माशांच्या आहारी पडली. १८५० च्या मार्च महिन्यात रसायनशास्त्र-मंडळापुढे वाचलेल्या निबंधात वॉरिंग्टन ह्यांनी वनस्पती, प्राणी व गोगलगाय अशी ही तिपेडी मांडणी सांगितली.

मत्स्यालयाच्या इतिहासातील हा पहिला जीर्णोद्धार होय. ह्या निबंधाचे मोल वनस्पती व प्राणी ह्यांच्या समतोलाच्या सिद्धान्तात आहे असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे मोल नव्हे. तो सिद्धान्त वॉर्ड ह्यांच्या काचपेटीत व प्रीस्टलीच्या प्रयोगांत आधीच होता. वॉरिंग्टन ह्यांची खरी भर ही की सिद्धान्त फसला तेव्हा तो का फसला हे त्यांनी पाहिले, आणि मधली जागा ज्याने भरावयाची तो जीव शोधला. दुर्दैवाने त्यांच्या अनुयायांनी उचलला तो सिद्धान्त. फसलेल्या पात्राकडे पाहण्याची रीत मागेच राहिली.

१८५२ मध्ये वॉरिंग्टन खाऱ्या पाण्याकडे वळले, आणि त्याच सुमारास गॉस ह्यांनीही डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर तसेच प्रयोग चालविले होते. खाऱ्या पाण्यात अडचणी वाढल्या. डोळ्यांस सुंदर दिसणारी तांबडी समुद्रशैवले काचेत टिकेनात. ती फिकटत, कुजत व पाणी नासवीत. टिकत ती उल्व्हासारखी साधी हिरवी शैवले. गोगलगायीचे काम येथे पेरिविंकल ह्या खडकावरच्या लहान शंखधारी प्राण्याकडे आले. शंखधारी प्राण्यांची दातेरी जीभ काचेवरील हिरवी साय कशी कापीत जाते, आणि गवत कापणाऱ्याच्या विळ्यामागे पडावेत तसे स्वच्छ पट्टे काचेवर कसे उमटतात, ह्याचे गॉस ह्यांनी केलेले वर्णन १८५४ च्या त्यांच्या 'द अॅक्वेरियम' ह्या ग्रंथातील उत्तम भागांपैकी आहे. त्याच वर्षी त्यांनी साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड ह्या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजलही सिद्ध केले, व किनाऱ्यापासून दूर असलेल्या हौशी लोकांचा मोठाच अडसर दूर झाला.

पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजेंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि लोकांसाठी खुले झालेले हे पहिले मत्स्यालय पाहण्यास लंडन लोटले. घरोघरी दिवाणखान्यांत टाक्या आल्या. शर्ली हिबर्ड ह्यांच्या १८५६ च्या गृहशोभनावरील पुस्तकात फुलदाण्या व पिंजऱ्यांतील पक्षी ह्यांच्या शेजारी मत्स्यालयाची स्थापना झालेली दिसते. हौशी मंडळी हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागली, आणि डेव्हनच्या खडकांतील पाण्याची डबकी ओस पडू लागली. आपल्या वडिलांच्या पुस्तकांनीच हा नाश ओढवला, असे गॉस ह्यांचे चिरंजीव एडमंड ह्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मवृत्तात खेदाने लिहून ठेवले आहे.

ह्या घरगुती टाक्यांचे काय झाले? जे. जी. वुड हे लोकप्रिय निसर्गलेखक १८६८ मध्ये त्या वेडाकडे मागे वळून पाहताना सांगतात की दहांतील नऊ टाक्या टाकून देण्यात आल्या. हा आकडा मोजणीचा नव्हे, अनुमानाचा आहे. तरी तो खोटा मानण्याचे कारण नाही. कारण त्या टाक्यांची रचनाच त्यांच्या नाशाची बीजे घेऊन आली होती. दिवाणखान्यातील टाकी चारही बाजूंनी काचेची असे. ती शोभेची वस्तू म्हणून खिडकीत ठेवीत. वनस्पतींना प्रकाश हवा, वनस्पती प्राणवायू देतात, म्हणून जितका प्रकाश अधिक तितके चांगले, असा हिशेब मांडलेला असे. रीजेंट्स पार्कचे मत्स्यगृहही काचेच्या छपराचे, वनस्पतिगृहाच्या धर्तीवरचे होते. उन्हाळ्यात त्यातील पाणी तापे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि प्राण्यांना मात्र त्याची गरज त्याच वेळी वाढते. एखादा शिंपला वा समुद्रपुष्प खडकामागे मरून पडले की त्याच्या कुजण्याने उरलासुरला प्राणवायूही संपे. सकाळी पाहावे तो पाणी दुधाळ व दुर्गंधियुक्त झालेले असे.

हे सर्व टळले तरी शेवाळ टळत नसे, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण पुष्कळ लेखकांनी येथे घोटाळा केला आहे. टाकीतील शेवाळ एका जातीचे नसते. प्रथम येते ती डायाटम ह्या सूक्ष्म सिलिकामय वनस्पतींची तपकिरी साय. मग काचेला व खडकाला चिकटून राहणारी हिरवी शैवले येतात. ही दोन्ही पेरिविंकल खातो. तिसरा प्रकार पाण्यातच तरंगणाऱ्या एकपेशीय शैवलांचा. त्यामुळे पाणी वाटाण्याच्या सारासारखे दिसू लागते. ह्या तिसऱ्यापुढे पेरिविंकल निरुपयोगी, कारण तो खरवडून खाणारा प्राणी आहे. गाळून खाणारा नव्हे. काच कितीही पुसली तरी हिरवे पाणी हिरवेच राहते. हौशी माणूस मग पाणी फेकून नवे भरी. नव्या पाण्यात जुन्या खडकांवरील बीजाणू असतच आणि खिडकीतले ऊनही तेच असे. पंधरवड्याने पुन्हा तीच दशा. असे तीन-चार वेळा झाल्यावर टाकी अडगळीत जाणे स्वाभाविक होते.

वॉरिंग्टन ह्यांना प्रकाशाचा हा दोष दिसला होता. त्यांनी पुढे जी टाकी सुचविली तिच्यात फक्त पुढची बाजू काचेची होती. मागची बाजू अपारदर्शक व उतरती असून प्रकाश वरूनच, खऱ्या डबक्यात येतो तसा, येई. उपाय बरोबर दिशेने होता. तो रूढ मात्र झाला नाही, आणि त्याचे कारण शास्त्रीय नव्हते : चारही बाजूंनी काच नसलेली पेटी दिवाणखान्यात शोभत नसे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिला त्या माणसाकडे वळू. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या धंद्यात होता. शिक्षण बेताचे, विद्यापीठाशी संबंध नाही, नावामागे पदवी नाही. मत्स्यालयाच्या वेडाने त्याला गाठले, आणि १८५५ च्या सुमारास त्याने समुद्रजीव, टाक्या व समुद्रजल विकण्याचे दुकान थाटले. १८५८ मध्ये त्याने छापलेली मालाची यादी सव्वाशेहून अधिक पानांची असून ती यादीपेक्षा ग्रंथच अधिक आहे. गिऱ्हाइकाने कोठे चुकू नये, टाकी कोठे ठेवू नये, ह्याविषयीची माहिती मालाच्या किमतींत मिसळून आलेली आहे. १८६२ मध्ये लॉइडचे दिवाळे निघाले. ही त्याच्या आयुष्यातील नामुष्कीची घटना खरी. परंतु मत्स्यालयाच्या दृष्टीने पाहता असा व्यापारी दुसऱ्या कोणाला न दिसणारी एक गोष्ट पाहू शकत होता. रसायनज्ञ आपले पात्र पाहतो. निसर्गलेखक आपली टाकी पाहतो. व्यापाऱ्याकडे शेकडो लोकांच्या बिघडलेल्या टाक्यांच्या तक्रारी येतात. लॉइडने जे शिकले ते यशातून नव्हे, गिऱ्हाइकांच्या अपयशांतून शिकले, असे त्याचे लेखन वाचताना वारंवार वाटते. (त्या लेखनात आत्मस्तुतीही पुष्कळ आहे, ती बाजूला काढून वाचावे लागते.)

दिवाळे निघाल्यानंतर तो जर्मनीत गेला. हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक त्या वेळी सुप्रसिद्ध आल्फ्रेड ब्रेम हे होते, आणि तेथील मत्स्यालय १८६४ मध्ये लॉइडच्या मांडणीनुसार उघडले. हॅम्बुर्ग नदीकाठी असले तरी खऱ्या समुद्रापासून दूर आहे. पाणी वारंवार बदलणे परवडण्यासारखे नव्हते. ह्या अडचणीतच लॉइडची पद्धत पक्की झाली. १८७१ मध्ये लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात त्याने तीच पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर अमलात आणली, आणि त्या मत्स्यालयाच्या अधिकृत मार्गदर्शिकेत तिचे विवेचनही केले.

पद्धत अशी. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांत जितके पाणी, त्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या हौदात ठेवावयाचे. हा हौद पूर्ण अंधारात व थंड असतो. बाष्पयंत्राने चालणारा पंप हौदातील पाणी वर चढवितो. ते टाक्यांतून वाहत, धारांनी हवा ओढून घेत, पुन्हा हौदात उतरते. हा क्रम अहोरात्र चालतो. पाणी कधी बदलावयाचे नाही. बाष्पीभवनाने जेवढे घटेल तेवढे गोडे पाणी घालावयाचे, कारण वाफ होऊन जाते ते पाणी, मीठ नव्हे. टाक्यांना प्रकाश फक्त वरून व बेताचा. प्रेक्षक उभा राहतो ती मार्गिका अंधारी. मुंबईचे १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना अंधारात उभे राहून उजळलेल्या टाकीकडे पाहण्याचा अनुभव परिचित असेल. ती केवळ दृश्याची सोय नव्हे. शेवाळाविरुद्धच्या एका जुन्या लढाईची खूण तीत आहे.

वनस्पतींविषयी लॉइडचे मत त्या काळी पाखंडी वाटावे असे होते. टाकीत मुद्दाम वनस्पती लावूच नयेत, असे तो म्हणे. समुद्राच्या पाण्यात बीजाणू असतातच. खडकांवर आवश्यक तेवढे शैवल आपोआप उगवते, आणि मालकाचे काम ते वाढविण्याचे नसून आवरण्याचे आहे. पाणी हिरवे झाले, गढूळ झाले, तरी ते 'मेले' असे समजू नये. ते अंधारात ठेवून सतत हलवीत राहावे. ते पुन्हा निवळते व पूर्वीइतकेच उपयोगी पडते. वॉरिंग्टन-गॉस परंपरेने ज्या प्रकाशाला जीवनदाता मानले होते, त्यालाच लॉइडने रोगाचे मूळ ठरविले.

लॉइडचा उपाय अचूक होता. त्याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण मात्र अपुरे होते. वाहत्या पाण्यातील प्राणवायू सेंद्रिय घाणीस प्रत्यक्ष जाळून टाकतो, अशी त्याची समजूत होती. १८७७ मध्ये श्लोएझिंग व म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर क्लोरोफॉर्म घालताच थांबते, म्हणजेच ते सजीवांचे कार्य आहे, असे दाखविले. ते करणारे जिवाणू विनोग्राड्स्की ह्यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढले. आज आपण असे म्हणू शकतो की लॉइडच्या हौदाच्या भिंती, नळांच्या आतील बाजू व वाळूचे कण ह्यांवर ह्या जिवाणूंचा थर बसत असला पाहिजे. त्याने पंपाने पुरविलेला प्राणवायू मुख्यतः त्यांनाच पोसत होता. माशांना घातक असलेला अमोनिया ते नाहीसा करीत, आणि अंधारामुळे त्याच पाण्यातील तरंगती शैवले उपाशी मरत. राहत असे ते नायट्रेट व फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचेच खत. परंतु प्रकाश बेताचा असल्याने त्या खताचा लाभ घेण्यास शेवाळाला पुरती संधी मिळत नसे. येथेच त्याच्या पद्धतीची मर्यादाही होती. ज्या प्रवाळांच्या देहात सूक्ष्म शैवले वस्तीस असतात व ज्यांना कडक ऊन लागते, असे उष्ण कटिबंधातील प्रवाळ लॉइडच्या अंधाऱ्या व्यवस्थेत जगणे शक्य नव्हते. थंड समुद्रातील समुद्रपुष्पे, शेवंडे व मासे ह्यांच्यासाठीच ती होती.

१८७४ मध्ये नेपल्स येथे आन्टोन डोर्न ह्यांच्या प्राणिशास्त्रीय केंद्राचे मत्स्यालय उघडले. त्याची जलव्यवस्था लॉइडच्या आराखड्यावरच उभी होती. डोर्न ह्यांची योजना अशी की तळमजल्यावरील मत्स्यालय पाहण्यास येणाऱ्यांच्या पैशातून वरच्या मजल्यावरील संशोधनास आधार मिळावा. संशोधनाची मेजे निरनिराळ्या विद्यापीठांस भाड्याने देण्याची त्यांची पद्धत पुढे प्रसिद्धच झाली. युरोपातील प्राणिशास्त्रज्ञांच्या एका पिढीने ज्या जिवंत नमुन्यांवर काम केले, ते नमुने एका दिवाळखोर पुस्तकबांधणीवाल्याने सुचविलेल्या पाण्यात जगत होते. प्राणिशास्त्राच्या इतिहासांत डोर्न ह्यांना प्रकरण मिळते. लॉइडला बहुधा तळटीप. तो १८८० मध्ये वारला.

सर्वच मत्स्यालयांनी हा धडा घेतला असे नाही. १८७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मोठ्या थाटाने 'रॉयल अॅक्वेरियम' उघडले. त्याच्या टाक्या बव्हंशी रिकाम्याच राहिल्या, आणि लवकरच ती इमारत कसरती व नाट्यप्रयोग ह्यांसाठीच ओळखली जाऊ लागली. १९०३ मध्ये ती पाडण्यात आली.

विसाव्या शतकात चक्र उलट फिरले. जाकार्ता येथील ली चिन एंग ह्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातून जीवजंतूंसह उचललेले खडक, स्वच्छ ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर प्रवाळ जगतात. हा वॉरिंग्टन ह्यांचाच समतोल होता. फक्त वनस्पतींच्या जागी जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र खडक आला होता. मात्र जिवंत खडकाबरोबर न बोलावलेले पाहुणेही आले. त्यांतील सर्वांत चिवट म्हणजे ऐप्टेसिया हे लहान तपकिरी समुद्रपुष्प. ते चिमट्याने खरवडले तर तळव्याचा जो तुकडा खडकावर राहतो त्यातून नवा प्राणी उगवतो, म्हणजे उपटणाराच त्याची लागवड करतो. त्यावर उपाय सापडला तो वॉरिंग्टन ह्यांच्या रीतीचा, त्याला खाणारा जीव शोधण्याचा : बर्गिया ही ऐप्टेसियावरच उपजीविका करणारी समुद्र-गोगलगाय. शेवाळाविषयी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी ह्यांनी अधिक धीट विचार केला. १९८० मध्ये तेथील निसर्गेतिहास-संग्रहालयात त्यांनी प्रवाळभित्तीची जी जिवंत प्रतिकृती उभारली, तिच्या शेजारी प्रखर दिव्यांखाली जाळीवर शेवाळ मुद्दाम वाढविले जाई व ठराविक दिवसांनी खरवडून फेकले जाई. शेवाळ पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते. ते टाकीबाहेर काढले की खतही बाहेर जाते. लॉइडने शेवाळाला उपाशी ठेवले. ॲडी ह्यांनी त्याला भरपूर खाऊ घातले, पण वेगळ्या पंगतीत.

शेवाळाला टाकीत मित्र म्हणून बोलावण्याची ही कल्पना एका ठिकाणी फार महाग पडली. जर्मनीतील स्टुटगार्टच्या व्हिल्हेल्मा प्राणिसंग्रहालयात कॉलर्पा टॅक्सिफोलिया ह्या उष्ण समुद्रातील हिरव्या शैवलाचा एक वाण आढळला. तो टवटवीत, जलद वाढणारा व थंडी सोसणारा होता. मत्स्यालयाला ह्याहून काय हवे? तेथून तो फ्रान्समधील नान्सी येथे व पुढे मोनॅकोच्या समुद्रविज्ञान-संग्रहालयात गेला. १९८४ मध्ये ह्याच संग्रहालयाच्या भिंतींखाली समुद्रतळावर त्याचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा दिसला. १९८९ पर्यंत तो एक हेक्टरवर गेला आणि नंतरच्या दशकात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर पसरला. नीस येथील आलेक्सांद्र मेनेझ ह्यांनी मत्स्यालयाकडे बोट दाखविले, तर संग्रहालयाच्या बाजूने हे शैवल नैसर्गिक मार्गानेच आले असावे, असे प्रतिपादन झाले. हा वाद वर्तमानपत्रांतून व शासकीय समित्यांतून वर्षानुवर्षे चालला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीत समुद्रातील व मत्स्यालयांतील वाण एकच असल्याचे दिसून आले. ह्या वादात ज्याने वेळीच एक चौरस मीटर उपटले असते तो इतिहासात कोठेच आला नसता, असे मेनेझ ह्यांचे १९९७ चे पुस्तक वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

२००० च्या जून महिन्यात तेच शैवल कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या उत्तरेस कार्ल्सबाड येथील खाजणात सापडले. तेथे कोणी वाद घातला नाही. काही दिवसांतच पाणबुड्यांनी शैवलाच्या प्रत्येक ठिगळावर काळी ताडपत्री अंथरली, तिच्या कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबल्या आणि खाली क्लोरीनचे द्रावण सोडले. ताडपत्रीखालचे इतर जीवही त्यात मेले. पुढील वर्षी त्या राज्याने कॉलर्पाच्या नऊ जाती बाळगण्यावर व विकण्यावर बंदी घातली. पाणबुडे खाजणाचा तळ हातभर हातभर तपासत राहिले, आणि २००६ च्या जुलैमध्ये ते शैवल तेथून नाहीसे झाल्याचे जाहीर करण्यात आले. सहा वर्षांत ह्या कामी सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला होता.